एए ची मीटिंग खेड्यातून कशी गाठायची? जवळपास ग्रुप कसा शोधायचा?

कापूस_तूर

नमस्कार मंडळी. आयडी नवीन आहे कारण जुन्या आयडीवर गावातले दोनचार पोट्टे आहेत अन् त्यायले हे वाचू द्यायचं नाही. वय चाळीसच्या वर, घाटंजी साइडले गाव, शेती आहे, कापूस तूर अन् थोडंसं सोयाबीन. दारू पितो, म्हणजे पीत होतो. व्यसनमुक्ती केंद्रात राहून दिवाळीच्या आधी घरी आलो. तिथं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे म्हणजे एए चे लोक बाहेरून यायचे, खुर्चीवर बसून आपआपलं सांगायचे, कोणी उपदेश करत नव्हतं, मले बाकी सगळ्या लेक्चरपेक्षा तेच पटलं. निघताना काउन्सेलर म्हणे की गोळ्या बंद होतील पण मीटिंग बंद करू नको, सुरुवातीचे तीन महिने त जमन तितक्या कर.

आता जमन कसं ते सांगा. आमच्या गावाले दिवसातून दोनच एसट्या, सकाळची शाळेच्या पोरायची अन् संध्याकाळची मुक्कामी. यवतमाळले मीटिंग होते असं ऐकलं पण ते संध्याकाळी, सुटेपर्यंत रात्र. जायचं त जाईन, वापस कशानं येऊ? टू व्हीलर आहे पण हा सगळा टिपेश्वरच्या बाजूचा पट्टा, रात्री डुकरं आडवी येतात अन् वाघाचं त बोलूच नका. अन् खरी गोष्ट सांगू का, वाघापेक्षा त्या रस्त्यावरचे धाबे जास्त भेव दाखवतात.

दुसरं म्हणजे गाव. मी केंद्रात होतो तेव्हा घरच्यायनं सांगून ठेवलं की पाठीच्या इलाजासाठी नागपूरले गेला. आता दर आठवड्याले कुठं जाते म्हणून विचारतीन त काय सांगू.

ऑनलाइन मीटिंग असतात म्हणे, त्या चालतात का? आमच्याकडे रेंज फक्त टाकीजवळ अन् गच्चीवर. ह्या मीटिंगमध्ये देवधर्माचं काही असते का, म्हणजे कोणी चर्चचं वगैरे म्हणते, खरं आहे का? बायको म्हणते मी पण येतो, तिले येऊ देतात का? अन् ज्यायनं खेड्यात राहून हे केलं त्यायनंच सांगा, पुण्यामुंबईवाल्यायले हात जोडून विनंती, तुमच्याकडे रात्री अकराले लोकल असते.

पुसदचा_पाहुणा

१४४४६ ही केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागते. रात्रीबेरात्री मन लय घाबरलं तर १४४१६, ते टेली मानस, मराठीत बोलतात. मीटिंगचं मले माहीत नाही पण हे दोन नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव भाऊ.

सोबर_हिंगणघाट

कापूसभाऊ, मी एए मध्ये आहो, बऱ्याच वर्षांपासून. किती ते सांगत नाही कारण मग लोक आकडाच धरून बसतात. हिंगणघाट म्हणजे वर्धा जिल्हा, म्हणजे सत्तरच्या दशकापासून कागदावर कोरडा, अन् मी त्याच कोरड्या जिल्ह्यात राहून पिणं शिकलो, त्यामुळे दारू भेटत नाही म्हणून सुटते हे कोणी मले सांगू नका.

तुले सगळ्यात आधी हे सांगतो की वेळापत्रक शोधू नको, माणूस शोध. इंटरनेटवर जी यादी दिसते ती जुनी असू शकते, हॉल बदललेला असते, वार बदललेला असते, तू चाळीस किलोमीटर जाशील अन् दाराले कुलूप. मग कुलुपाच्या समोरच्या बाजूले काय असते ते तुले माहीत आहे. एए चं भारताचं ऑफिस मुंबईत आहे, त्यायच्या वेबसाइटवर हेल्पलाइन आहे, त्यावर फोन लावून गाव तालुका सांग, ते आपल्याकडचा माणूस जोडून देतात. फोनवर जो बोलन तो काही पगारी नोकर नाही, तो पण आपल्यासारखाच पिऊन पडलेला माणूस. अजून सोपा रस्ता म्हणजे तू ज्या केंद्रात होता तिथं बाहेरून जे एए वाले यायचे ते कुठून यायचे? केंद्राले फोन करून त्यायच्यापैकी एकाले आपला नंबर द्यायले सांग. ते फोन करतात, हमखास करतात, कारण त्यात त्यायचाही फायदा आहे, दुसऱ्या पिणाऱ्यासोबत बोललं की आपलं स्वतःचं टिकते.

ही काही मी बनवलेली गोष्ट नाही, एए सुरूच अशी झाली. १९३५ मध्ये अमेरिकेत बिल नावाचा माणूस धंद्याच्या कामानं ॲक्रन नावाच्या परक्या गावात गेला, धंदा बुडाला, हॉटेलात एकटा, एका बाजूले बार अन् एका बाजूले टेलिफोन. त्यानं फोन लावत लावत दुसरा पिणारा शोधला, तो निघाला तिथला एक डॉक्टर, बॉब. दोघं बोलत बसले. एवढंच. डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला १० जून १९३५ ले अन् तोच दिवस एए चा जन्मदिवस धरतात. भारतात ते १९५७ मध्ये आलं. म्हणजे आधी फोन, मग माणूस, अन् हॉल, वार, वेळ हे सगळं त्याच्या नंतरचं.

आता मीटिंगमध्ये होते काय. जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचं. रजिस्टर नाही, हजेरी नाही, आधार कार्ड नाही, फी नाही. एक जण मीटिंग चालवते, सुरुवातीले थोडं वाचन होते, मग एकेक जण उठून सांगते की माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे, अन् मग जे आहे ते. मधात कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुले बोलायचं नसन त नाव सांग अन् म्हण की आज फक्त ऐकतो. आडनाव कोणी विचारत नाही अन् आपल्याकडे आडनाव नाही विचारलं म्हणजे अर्धी कुंडली तिथंच सुटली. शेवटी टोपली फिरते, ज्याले जमन तो दहा वीस रुपये टाकते, त्यातून हॉलचं भाडं अन् चहा. बाहेरच्याचा पैसा घेत नाहीत, आमदार द्यायले आला तरी नाही. मीटिंग संपल्यावर चहा पिता पिता जे बोलणं होते ना, अर्धं काम तिथं होते, त्यामुळे संपली की लगेच पळू नको.

देवाचं विचारलं. एए चा जो बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आहे त्यात ईश्वर हा शब्द आहे, पण पुढेच म्हटलं आहे की आम्हाला जसा समजला तसा. आमच्या ग्रुपात गजानन महाराजाचे भक्त आहेत, बौद्ध आहेत, एक मुसलमान भाऊ आहे, एक पक्का नास्तिक आहे तो म्हणते माझ्यासाठी हा ग्रुपच माझ्यापेक्षा मोठा. सामील व्हायले एकच अट, दारू सोडायची इच्छा. चर्चचं म्हणशील त मोठ्या शहरात काही मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरतात कारण तिथं जागा भाड्यानं भेटते, म्हणून लोकायले तसं वाटते.

बायकोचं पण सांगतो. ओपन मीटिंग असन त कोणीही येऊ शकते, क्लोज्ड असन त फक्त पिणारे. ज्याच्यासोबत फोनवर बोलशील त्याले आधीच विचार.

माळकरी_अकोट

हे इंग्रजी प्रकार आपल्या शेतकऱ्याच्या कामाचे नाहीत हे माझं स्पष्ट मत, राग नसावा. आमच्या गावात किती तरी लोकांची दारू माळ घातल्यानं सुटली. पंढरपूरला जाऊन गळ्यात तुळशीची माळ, मटण बंद, दारू बंद, विषय संपला. नाहीतर राष्ट्रसंतांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना विदर्भात गावोगावी आहे, संध्याकाळी तिथं बसा. गाडगेबाबांनी उभ्या आयुष्यात कीर्तनातून दुसरं काय सांगितलं? त्यासाठी ॲक्रन कशाला पाहिजे. आणि आपल्या चुका चारचौघात बोलून दाखवायच्या म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं.

सोबर_हिंगणघाट

माळकरी भाऊ राग कायचा, ज्याची माळेनं सुटली त्यानं माळ घालावी, मी स्वतः प्रार्थनेले बसतो. फक्त एक विचारतो. तुमच्या गावात ज्यानं माळ घातली अन् मग पोळ्याच्या करीले पिऊन माळ तोडली, असा एक तरी असनच. तो मग कुठं जाते? तो भजनात तोंड दाखवत नाही, तुम्हीच त्याले नावं ठेवता, अन् मग तो दुप्पट पेते कारण आता लपवायले काही उरलं नाही. आमच्याकडे घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला त त्याची खुर्ची तिथंच असते, कोणी विचारत नाही काऊन पेला. बाकी वाद नाही, संध्याकाळी सात ते आठ माणूस कुठं बसते हे महत्त्वाचं, ते प्रार्थनेत बसला तरी चालते.

चारचौघातलं म्हणाल त ते चारचौघं कोण हे पाहा. तिथले सगळे त्याच भट्टीवरून आलेले.

सीएचओ_ताई

मी उपकेंद्रात काम करते, कुठल्या जिल्ह्यात ते राहू द्या. कापूस_तूर भाऊंना गरज नाही कारण ते केंद्रातून जाऊन आलेत, पण हा धागा वाचून कोणी उद्या सकाळी एकदम दारू बंद करेल म्हणून लिहिते. रोज सकाळी उठल्यावर ज्याला हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते, अशा माणसाने घरच्या घरी अचानक बंद करायची नाही. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप येतो, घाम येतो. गावात त्याला बाहेरची बाधा समजतात आणि मांत्रिकाकडे नेतात, तिकडे एक दिवस जातो आणि तोच दिवस महत्त्वाचा असतो. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात थरथर कमी करायच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन बी१ चे इंजेक्शन मिळते. यवतमाळला वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगी आहे, नागपूरला मेडिकल कॉलेज आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. मनोरुग्णालय नाव ऐकून लोक घाबरतात, ओपीडीत दाखवून घरी येता येतं हो.

दुसरं, आणि ह्याचा मला मनापासून राग आहे. दारू सोडवायची पावडर, भाजीत टाकून द्यायची, त्याला कळणार पण नाही, अशा जाहिराती तालुक्याच्या बसस्टँडवर चिकटवलेल्या असतात. त्यात काय असतं कोणालाच माहीत नसतं. खरी गोळी असते ती डायसल्फिराम, ती घेऊन दारू प्यायलं तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली जातं, जीवही जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. ती माणसाला सांगून, त्याची तयारी असताना, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. चोरून देणाऱ्या बायका वाईट नसतात, वैतागलेल्या असतात, पण हे करू नका.

मीटिंगचा उपयोग होतो का असं मला घरची मंडळी विचारतात. कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढते, त्यांनी २०२० मध्ये एए वर काढलेल्या आढाव्यात २७ अभ्यास होते, दहा हजारांवर माणसं. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए शी नीट जोडून देणारे उपचार दुसऱ्या नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचे किंवा जास्त चांगले निघाले. त्यामुळे डॉक्टर की मीटिंग असं भांडण लावू नका, दोन्ही करा. मीटिंगमध्ये कोणी उत्साहात गोळ्या सोड म्हणालं तर ऐकू नका.

आर्वीची_सून

वहिनींसाठी लिहिते, भाऊ त्यांना वाचून दाखवा किंवा फोनच त्यांच्या हातात द्या.

वहिनी, त्यांच्या मीटिंगला एकदोनदा ओपनला जा, काय चालतं ते कळतं. पण आपल्यासाठी वेगळी संघटना आहे, अल ॲनॉन. ती पिणाऱ्याची नाही, पिणाऱ्याच्या घरच्यांची. एए सुरू करणाऱ्या त्या बिलची बायको लोइस, तिनेच १९५१ मध्ये दुसऱ्या एका बाईला घेऊन सुरू केली. आर्वी, घाटंजी असल्या गावांत तिची मीटिंग शोधाल तर दमून जाल, मी फोनवर जोडली गेले. दुपारी स्वयंपाक आवरला की कानात इअरफोन घालून बसते, सासूबाईंना वाटतं कीर्तन ऐकते, वाटू दे.

मी तिथं जाईपर्यंत माझं काम काय होतं माहीत आहे? बाटल्या शोधणं. कपाशीच्या गंजीत, कडब्यात, पाण्याच्या टाकीमागं. सापडली की ओतायची, मग भांडण, मग माझ्या माहेरचा उद्धार, मग तेच कारण धरून ते परत बाहेर. तिथं गेल्यावर बायका म्हणाल्या की हे तू सुरू केलं नाहीस, तुझ्याच्यानं आवरणार नाही आणि तुझ्याच्यानं बरंही होणार नाही. मला आधी रागच आला, म्हटलं मग मी काय हातावर हात ठेवून बसू का. पण हळूहळू लेकरांच्या जेवणाकडं, शाळेकडं, बचत गटाकडं लक्ष जायला लागलं. ह्यांची सुटली का तर आता बऱ्यापैकी, पण ते माझ्यामुळं नाही, त्यांच्या त्यांच्या ग्रुपमुळं.

एक मात्र सांगते, मार खायचा आणि अल ॲनॉनला जायचं असं नसतं. अंगावर हात पडत असेल तर ते वेगळं प्रकरण, १८१ ला फोन करायचा.

आणि वहिनी, एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या.

कापूस_तूर

सगळ्यायले धन्यवाद, एवढे जण लिहितीन वाटलं नव्हतं. बायकोले वाचून दाखवलं, आर्वीच्या ताईचं वाचताना कडब्यातली बाटली आली तिथं ती माह्याकडे पाहून हासली, म्हटलं चला, हासली तरी.

केंद्राले फोन केला. त्यायनं एकाचा नंबर देला नाही पण माह्या नंबर त्याले देला, अन् संध्याकाळी त्याचा फोन आला. मी टाकीजवळ उभा राहून बोललो. माणूस लय साधा, रिटायर मास्तर वाटते बोलण्यावरून, पण विचारलं नाही. तो म्हणे ऑनलाइन कर तोवर. गच्चीवर बसून ऑनलाइन मीटिंग केली, दोनदा कट झाली, अन् माह्या फोनवर मोठ्या अक्षरात माह्यं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं दिसून राहिलं होतं, घाम फुटला. एक बाई म्हणे दादा तुमचं नाव बदलून घ्या, तेव्हा कळलं की ते बदलता येते. व्हिडिओ बंदच ठेवला होता.

पण खरं सांगतो केंद्रातल्यासारखं वाटत नाही. फोन ठेवला की मी गच्चीवर एकटाच, अन् खाली गल्लीतून तेच दोस्त जाऊन राहिले असतात, आवाज देतात, उतर ना बे खाली.

आता मीटिंग कोणत्या दिवशी अन् कुठं त्याचा विचार करून राहिलो. आमच्याकडून बाजाराच्या दिवशी सगळं गाव तालुक्याले जाते, ऑटो भरून, त्या दिवशी कोणी विचारत नाही कुठं चालला. पण बाजाराचा दिवस म्हणजे माह्या पिण्याचा दिवस होता. कापूस विकला, पैसे खिशात, देशीचं दुकान बाजाराच्या रस्त्यावरच. मीटिंगसाठी त्याच दिवशी जाणं बरोबर आहे का चूक?

सोबर_हिंगणघाट

तू तालुक्याचं म्हणतो, तिथं मीटिंग आहे का आधी? मास्तरले विचार. नसन त होऊ शकते. एए च्या परंपरेत लिहिलेलंच आहे की दोन तीन पिणारे दारूपासून दूर राहासाठी एकत्र बसले की तो ग्रुप, फक्त दुसऱ्या कशाशी तो ग्रुप जोडलेला नको. परवानगी लागत नाही, उद्घाटन लागत नाही.

बाजाराच्या दिवसाचं माह्यं मत असं. जा, पण आधी मीटिंग मग बाजार, उलटं नको. कापसाचे पैसे बायकोच्या हातात, तुह्याजवळ फक्त ऑटोचे अन् टोपलीचे. सोबत कोणी तरी पाह्यजे. देशीच्या दुकानासमोरून जाताना मास्तरले फोन लावायचा अन् दुकान मागं पडेपर्यंत बोलत राहायचं, काहीही बोल, पऱ्हाटीवर बोंडअळी आली ते सांग. मी असंच केलं, लोकायले वाटायचं हा माणूस लय धंदेवाला झाला, सदा फोनवर.

अन् पोट खाली ठेवून जाऊ नको. उपाशी असला, रागात असला, एकटा असला, थकला असला, ह्या चार टायमाले सांभाळ असं आमच्याकडे सांगतात. वेचणीच्या दिवसात तू चारही असते.

जंगलमहाल

मी गडचिरोलीकडचा. आमच्याकडं १९९३ पासून दारूबंदी, बाजूच्या चंद्रपुरात २०१५ ले केली अन् २०२१ ले उठवली, त्यामुळं दोन्ही पाहून झालं. मोहाची घरोघरी असते, सणाले लागते, देवाले लागते, म्हणून आमच्याकडं पिणारा कोणाले पिणारा वाटतच नाही. एए मले माहीत नाही पण आमच्याकडं मुक्तिपथचं काम आहे, डॉक्टर बंग यांच्या सर्च संस्थेनं सुरू केलेलं, तालुक्याच्या गावाले ठरलेल्या दिवशी व्यसन उपचार क्लिनिक भरते, कधी गावातही शिबिर घेतात. माह्या भाऊ तिथं गेला. बाया सोबत आल्या होत्या, गाव संघटनेच्या. त्याले औषधापेक्षा हे बरं वाटलं की शेजारच्या गावाचे त्याच्यासारखे आठ दहा लोक एका सतरंजीवर बसले होते.

गडचिरोलीवाले कोणी वाचत असतीन त तिथं जा. यवतमाळवाल्याच्या कामाचं नाही, पण लिहिलं.

घसरगुंडी

कोणी व्यसनमुक्ती केंद्राबद्दल पण सावध करा ना. माझ्या मामाला घरच्यांनी फोन करून गाडी बोलावली, चार जणांनी उचलून नेलं, तिथं मारलं, आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. मामा बाहेर आला तो सरळ बारमध्ये. नाव लिहीत नाही, भांडण नको.

सीएचओ_ताई

घसरगुंडी, हे वाचून वाईट वाटलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूमुळे होणाऱ्या आजारालाही लागू आहे, आणि तिथं दाखल केलेल्या माणसाला मारहाण, कोंडून ठेवणं हे चालत नाही. केंद्रात टाकायच्या आधी नोंदणीचा कागद बघायला मागा, डॉक्टर कोण आणि कधी येतो ते विचारा, भेटायला देतात का ते विचारा. भेटू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. आणि पुण्याच्या मुक्तांगणसारखी जुनी संस्था, १९८६ पासूनची, तिचे फॉलोअपचे गट बाहेरगावीही होतात, त्यांनाही फोन करून आपल्या जिल्ह्याचं विचारता येतं.

कापूस_तूर

बरेच दिवस आलो नाही, वेचणी चालू होती, मजूर भेटत नाहीत, किलोमागं भाव वाढवून मागतात अन् आपल्या कापसाले भाव नाही, ते जाऊ द्या.

मास्तरसोबत यवतमाळच्या मीटिंगले गेलो. दुपारीच निघालो, मास्तरच्याच घरी मुक्काम केला, सकाळच्या गाडीनं वापस. माह्यं नाव सांगतलं, बाकी काही बोललो नाही. एक जण बोलला, त्याचं अन् माह्यं सगळं सेम, बैलजोडी विकली ते सुद्धा. मी खालीच पाहून राहिलो.

दर आठवड्याले मुक्काम जमणार नाही हे मास्तरलेही समजते. पण एक झालं. आमच्या गावातला एक जण, नाव कायले लिहू, माह्याच वयाचा, तो आला घरी अन् म्हणे तू पाठीच्या इलाजाले गेला होता ना, मले पण तसाच पाठीचा त्रास आहे. मी म्हटलं बस. बायकोनं चहा केला. तो सकाळीच घेतल्याशिवाय त्याचं भागत नाही, म्हणून ताईनं लिहिलेलं त्याले सांगतलं, एकदम बंद करू नको, आधी यवतमाळले दाखवू. त्याले घेऊन मेडिकलले गेलो, भरती केलं.

तो आला की आम्ही दोघं झालो. मास्तर म्हणे मी येतो पहिल्या दोनचार वेळेस, दिवसा ठेवा, मले रात्री वापस जायचं आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी नाही, रविवारी दुपारी ठेवू म्हणतो. जागा समाजमंदिराची. सरपंचाले विचारलं त तो एकदम खूश, म्हणे फ्लेक्स लावू, व्यसनमुक्त गाव, तुह्या फोटो टाकू, आमदारसाहेबाले बोलवू. मी घरी पळालो. आता त्याले नाही कसं म्हणू?

सोबर_हिंगणघाट

हाहा. प्रत्येक गावात हाच सरपंच असते. त्याले म्हण साहेब फ्लेक्स लावला त एकही जण येणार नाही, अन् एए त फोटोच चालत नाही, नियमच आहे. नियम म्हटलं की सरपंच ऐकते. अन् फुकट जागा घेऊ नको. पन्नास असो शंभर असो, महिन्याचं काही तरी भाडं ठरव अन् पावती घे, मग कोणाचा उपकार नाही अन् निवडणुकीत कोणी तुमच्या खुर्च्यांवर प्रचाराले बसणार नाही.

चार खुर्च्या पुरतात. मराठी पुस्तकं मास्तर आणन. येताना मी पण येतो एखाद्या रविवारी, हिंगणघाटहून पांढरकवडा मार्गे गाडी पाहतो.

माळकरी_अकोट

समाजमंदिरात लग्न असलं त्या रविवारी काय करणार? तारखा सुरू झाल्या आता.

कापूस_तूर

ते खरं आहे भाऊ, लक्षातच नव्हतं. त्या दिवशी माह्या शेतातल्या कोठ्यात बसू. तिथं रेंज नाही, पण सावली आहे अन् सरपंच तिकडे येत नाही.

माळकरी_अकोट

मग ठीक. चहाची साखर माझ्याकडून समजा.

सोबर_हिंगणघाट

माळकरी भाऊ, बाहेरच्याचं काही घेत नाही म्हणून वर लिहिलं ना. ओपन मीटिंग ठेवली की या, चहा आमच्याकडून.